बेटे जोडणारी परिषद

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यापलीकडे, अटलांटिक महासागराच्या तोंडावर, आउटर हेब्रिडीझ अथवा वेस्टर्न आइल्स या नावाने ओळखली जाणारी बेटांची माळ उत्तर-दक्षिण सुमारे २१० किलोमीटर पसरलेली आहे. उत्तरेला लुईस आणि हॅरिस (नावे दोन असली तरी भूखंड एकच), मधोमध नॉर्थ यूइस्ट, बेनबेक्युला आणि साउथ यूइस्ट, दक्षिणेला बॅरा, आणि या मोठ्या बेटांच्या कडेकडेने स्कॅल्पे, बर्नरे, एरिस्के, व्हॅटर्से यांसारखी छोटी वस्तीची बेटे, असा या माळेचा क्रम आहे. १९११ मध्ये या सर्व बेटांवर मिळून सुमारे ४६,००० माणसे राहत होती. २०२२ च्या जनगणनेत हा आकडा सुमारे २६,००० वर आला. दोन महायुद्धे, मासेमारीची उतरती कळा, शिक्षणासाठी बाहेर पडून परत न आलेली मुले अशी या घसरणीची कारणे अनेक आहेत. परंतु छोट्या बेटांपुरते बोलायचे तर या सर्व कारणांना बळ मिळाले ते दळणवळणाच्या अभावामुळे. हॅरिसच्या पश्चिमेचे स्कार्प हे बेट एका अरुंद सामुद्रधुनीनेच हॅरिसपासून वेगळे झाले आहे, तरीही तेथील अखेरच्या कुटुंबांनी १९७१ मध्ये बेट कायमचे सोडले. त्यानंतर चारच वर्षांनी या सगळ्या बेटांची मिळून एक परिषद अस्तित्वात आली, आणि त्या परिषदेने पुढील पाव शतकात जे केले त्यामुळे आणखी काही बेटांवर स्कार्पची वेळ आली नाही.

या कामाचे मोल कळण्यासाठी आधीची स्थिती पाहावी लागते. नॉर्थ यूइस्ट, बेनबेक्युला आणि साउथ यूइस्ट यांच्यामधला समुद्र इतका उथळ आहे की ओहोटीला तळाची वाळू उघडी पडते, आणि शतकानुशतके तोच तेथील रस्ता होता. माणसे पायी, घोड्यावर, पुढे मोटारीनेही ही वाळू तुडवत जात असत. मात्र पाणी उतरल्यावर मिळणारी सवड थोड्याच तासांची असे, ओढ्यांचे पात्र आणि रुतवणाऱ्या वाळूच्या जागा बदलत राहत, आणि धुके उतरले की वाट माहीत असलेल्या माणसाचीही दिशाभूल होई. भरतीची वेळ रोज पुढे सरकते, त्यामुळे डॉक्टर, टपाल आणि बाजार यांचे वेळापत्रक कॅलेंडरपेक्षा चंद्रावर अधिक अवलंबून होते. या दोन ओहोटीवाटांपैकी दक्षिणेकडच्या वाटेवर १९४२ मध्ये एकेरी पूल झाला तो बेनबेक्युलावर युद्धासाठी विमानतळ उभारला गेल्यामुळे. स्थानिक लोक पुलाची मागणी त्याआधीपासून करत होते, पण ती मान्य व्हायला युद्ध यावे लागले. उत्तरेकडच्या वाटेवर सुमारे आठ किलोमीटरचा कॉजवे, म्हणजे समुद्रात दगडांचा भराव घालून त्यावर नेलेला रस्ता, झाला आणि सप्टेंबर १९६० मध्ये राजमाता एलिझाबेथ यांच्या हस्ते तो खुला झाला.

त्याहून मागे गेले तर रस्ता होणे न होणे हे सर्वस्वी बेटाच्या मालकाच्या मर्जीवर होते. १८४४ मध्ये अख्खे लुईस बेट विकत घेणारे जेम्स मॅथेसन हे चीनशी अफूचा व्यापार करणाऱ्या जार्डिन मॅथेसन पेढीचे भागीदार होते. बटाट्याच्या दुष्काळाच्या काळात त्यांनी लुईसवर रस्ते बांधून घेतले, आणि त्याच मालकाच्या अमलात शेकडो कुटुंबांना कॅनडाकडे पाठवले गेले. या पेढीचे मुंबईतील सर्वांत मोठे व्यापारी सहकारी सर जमशेटजी जीजीभाई होते, आणि त्यांच्या पत्नी अवाबाई यांच्या देणगीतून बांधलेला माहीमचा कॉजवे १८४५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. मुंबई आणि साष्टी यांना जोडणारा रस्ता आणि लुईसच्या दलदलीतून जाणारा रस्ता यांच्यामागे एकाच व्यापारातून आलेली संपत्ती असावी, ही गोष्ट मराठी वाचकाला विचारात पाडणारी आहे. धनिकाच्या औदार्यातून झालेला रस्ता उपयोगाचा असतोच, पण तो कोठून कोठे जावा हे ठरवण्याचा अधिकार त्यावरून चालणाऱ्यांना नसतो.

हा अधिकार १९७५ मध्ये मिळाला. तोपर्यंत लुईसचा कारभार रॉस आणि क्रोमार्टी परगण्यातून, तर हॅरिसपासून दक्षिणेकडील बेटांचा कारभार इन्व्हर्नेस परगण्यातून चाले; दोन्ही परगण्यांची मुख्यालये समुद्रापलीकडे, स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर होती आणि माळेचे दोन तुकडे दोन वेगवेगळ्या अंदाजपत्रकांत विभागलेले होते. स्कॉटलंडमधील स्थानिक स्वराज्य संस्थांची पुनर्रचना करणाऱ्या १९७३ च्या कायद्याने बेटांसाठी स्वतंत्र, सर्वाधिकारी परिषद निर्माण केली, जिच्याकडे शाळा, रस्ते, नियोजन, समाजसेवा अशी सर्व कामे एकत्र आली. स्टॉर्नोवे या लुईसवरील गावात मुख्यालय असलेली ही संस्था आज ‘कोअर्ल्या नान एलान शीअर’, म्हणजे पश्चिमी बेटांची परिषद, या गेलिक नावाने काम करते. कारभाराची ही सीमा बदलल्याने एक साधी परंतु निर्णायक गोष्ट घडली: लुईसच्या उत्तर टोकापासून व्हॅटर्सेच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंतचा प्रदेश प्रथमच एकाच कार्यालयाच्या नकाशावर आला, आणि मधले समुद्राचे पट्टे ही एका सलग रस्त्यातली खिंडारे आहेत असे दिसू लागले. परिषदेच्या कागदपत्रांत या रस्त्याला बेटांचा कणा मानले जाते, आणि तिच्या वाहतूक धोरणाचा सगळा इतिहास हा कणा सांधण्याचा इतिहास आहे.

सुरुवात लहान प्रमाणात झाली. बर्नरे आणि एरिस्के येथे परिषदेने स्वतःच्या छोट्या वाहनवाहू फेरीबोटी चालवल्या, आणि १९८३ मध्ये साउथ यूइस्टकडील युद्धकालीन पुलाची जागा दुपदरी कॉजवेने घेतली. पण या धोरणाची खरी कसोटी लागली ती व्हॅटर्से येथे. बॅराच्या दक्षिणेला असलेल्या या बेटावर विसाव्या शतकाच्या आरंभी शेजारच्या बेटांवरील भूमिहीनांनी जमिनीचा ताबा घेतला होता, आणि त्यासाठी त्यांच्यापैकी दहा जणांना १९०८ मध्ये एडिंबरोच्या तुरुंगात जावे लागले होते. इतक्या कष्टाने मिळवलेल्या जमिनीवर त्यांची नातवंडे टिकेनात, कारण गुरे बाजारात न्यायची तर ती बोटीमागे बांधून सामुद्रधुनी पोहून पार करवावी लागत. १९८६ मध्ये बर्नी नावाचा एक उमदा वळू असाच पोहताना बुडून मेला, आणि वर्षानुवर्षांच्या अर्ज-विनंत्यांनी जे झाले नव्हते ते त्या बातमीने झाले: हा प्रश्न बेटांबाहेर गाजला. जवळच्या डोंगराचा खडक सुरुंगाने फोडून, तो सामुद्रधुनीत ओतून जेमतेम २५० मीटर लांबीचा कॉजवे बांधण्यात आला आणि १९९१ मध्ये व्हॅटर्से बॅराला जोडले गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये बीसीसीआय ही आंतरराष्ट्रीय बँक बुडाली आणि तिच्यात ठेवलेले परिषदेचे सुमारे २ कोटी ३० लाख पौंड अडकले. एवढ्या छोट्या संस्थेला हा घाव जबर होता, आणि ठेवींच्या निर्णयाबद्दल परिषदेवर झालेली टीका रास्तच होती. तरीही कणा सांधण्याचे काम तिने सोडले नाही, ही गोष्ट तिच्या खात्यावर आवर्जून मांडली पाहिजे.

पुढील दशकात कामाला वेग आला, कारण स्कॉटलंडचा डोंगराळ भाग आणि बेटे यांना युरोपीय संघाच्या मागास प्रदेशांसाठीच्या निधीत स्थान मिळाले आणि परिषदेचा व सरकारचा वाटा त्या निधीशी जोडता आला. हॅरिस आणि स्कॅल्पे यांच्यामधला पूल १९९७ मध्ये पूर्ण झाला. त्यावरून पहिल्यांदा जाण्याचा मान वयाची शंभरी ओलांडलेल्या एका स्थानिक वृद्धेला देण्यात आला, आणि पुढच्या वर्षी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी त्याचे औपचारिक उद्घाटन केले. नॉर्थ यूइस्ट आणि बर्नरे यांना जोडणारा, किलोमीटरहून थोडा कमी लांबीचा कॉजवे १९९८ च्या अखेरीस वापरात आला. साउथ यूइस्ट आणि एरिस्के यांच्यामधला सुमारे १.६ किलोमीटरचा कॉजवे, ज्यावर एक कोटी पौंडांच्या घरात खर्च झाला, २००१ मध्ये खुला झाला.

बांधणीच्या दृष्टीने कॉजवे ही वरवर साधी वाटणारी रचना आहे. गाभ्यात लहानमोठा खडक, दोन्ही अंगांना लाटांचा मारा सोसणाऱ्या अवजड शिळांचे चिलखत, वर डांबरी रस्ता आणि पाणी इकडून तिकडे जाण्यासाठी ठिकठिकाणी मोऱ्या अथवा छोटे पूल, एवढाच तिचा आराखडा असतो. अवघड असते ते पाण्याच्या प्रवाहाचा अंदाज बांधणे, कारण सामुद्रधुनी पुरती बंद केली तर एका बाजूला गाळ साचतो, मासे आणि शिंपले यांची ये-जा थांबते आणि वादळात पाणी तुंबते. बर्नरेच्या कॉजवेत ऊदमांजरांना रस्त्यावर न येता पलीकडे जाता यावे म्हणून खास वाटा ठेवल्या आहेत.

मोऱ्या आणि मोकळ्या गाळ्यांचा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे हे जानेवारी २००५ मध्ये कळून आले. त्या महिन्यातील भीषण वादळाच्या रात्री साउथ यूइस्टच्या उत्तर भागात पाणी वाढू लागल्यावर घर सोडून निघालेल्या एका कुटुंबातील तीन पिढ्यांची पाच माणसे समुद्राने ओढून नेली. बेनबेक्युला आणि साउथ यूइस्ट यांच्यामधल्या कॉजवेमुळे पाण्याची वाट अडली काय, त्यात अधिक गाळे मोकळे ठेवायला हवे होते काय, हे प्रश्न त्यानंतर तेथील रहिवाशांनी सातत्याने लावून धरले आहेत. वाळूच्या सखल किनाऱ्यावर वसलेल्या समाजासाठी ते रास्त आहेत आणि परिषदेच्या यशाची नोंद करताना ते बाजूला ठेवता येत नाहीत. समुद्राची पातळी वाढत असताना जुन्या भरावांची फेरतपासणी हे काम नव्या सेतूइतकेच महत्त्वाचे आहे. देखभालीचे ओझेही कमी नाही: लुईस आणि ग्रेट बर्नेरा यांना जोडणाऱ्या १९५३ च्या काँक्रीट पुलावर २०२० मध्ये वजनाची मर्यादा घालावी लागली, अवजड वाहनांची कोंडी झाली आणि परिषदेला शेजारी नवा पूल उभारावा लागला.

कॉजवेमुळे वस्ती वाढली काय, याचे उत्तर जनगणनेत शोधले तर ते सरळ नाही. २०११ मध्ये व्हॅटर्सेवर ९० माणसे होती, बर्नरेवर १३८, एरिस्केवर १४३. म्हणजे रिकामी होण्याच्या वाटेवरची बेटे रिकामी झाली नाहीत. स्कॅल्पेची लोकसंख्या मात्र पूल होऊनही २००१ मधील ३२२ वरून २०११ मध्ये २९१ झाली. रस्ता माणसाला येऊ देतो तसा जाऊही देतो, आणि नोकरी व घर यांचा प्रश्न पुलाने सुटत नाही. पण रात्री-अपरात्री रुग्णवाहिका दारापर्यंत येणे, मुलांनी शाळेच्या वसतिगृहाऐवजी घरी झोपणे, मासेमारी करणाऱ्याने ताजा माल त्याच दिवशी धाडणे या गोष्टींची नोंद जनगणनेत होत नाही, आणि परिषदेने जे साध्य केले ते मुख्यतः या गोष्टींत आहे.

रस्ता सांधल्यावर त्यावरून चालणाऱ्या वाहनांचा प्रश्न उरतो. माणसे थोडी, अंतरे लांब आणि बरेच रस्ते एकेरी, म्हणजे समोरून गाडी आली की ठरावीक अंतरावरच्या रुंद जागेत थांबून तिला वाट द्यावी लागते, अशा प्रदेशात बससेवा नफ्यात चालणे अशक्य असते. म्हणून ती परिषदेच्या अनुदानावर आणि काही मार्गांवर परिषदेच्या स्वतःच्या बसगाड्यांवर चालते. स्टॉर्नोवे आणि बेनबेक्युला यांच्यामधल्या विमानसेवेलाही परिषदेने आर्थिक आधार दिला आहे. बॅरावर तर विमान समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवरच उतरते. भरतीला धावपट्टी पाण्याखाली जाते, त्यामुळे तेथे उड्डाणांचे वेळापत्रक आजही ओहोटी पाहून आखले जाते.

परिषदेचा अधिकार जेथे संपतो तेथे प्रगतीचा वेगही मंदावतो, हे फेरीसेवेच्या बाबतीत ठळकपणे दिसते. मुख्य भूमीकडे जाणाऱ्या मोठ्या बोटी सरकारी मालकीची कॅलेडोनियन मॅकब्रेन कंपनी चालवते, बोटी दुसऱ्या सरकारी कंपनीच्या मालकीच्या असतात, आणि पैशाचा निर्णय एडिंबरोत, स्कॉटिश सरकारकडे होतो. २००८ मध्ये या बेटांवर ‘रोड इक्विव्हॅलंट टॅरिफ’, म्हणजे तेवढेच अंतर रस्त्याने कापायला जो खर्च येईल त्याच्याशी बोटीचे भाडे जोडणारी पद्धत, प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली आणि पुढे कायम झाली. भाडी उतरली, पर्यटक वाढले. पण बोटी तेवढ्याच आणि वर्षागणिक जुन्या होत गेल्याने उन्हाळ्यात बेटावरच्याच माणसाला गाडीसाठी जागा मिळेना. जून २०२३ मध्ये बोटींच्या तुटवड्यामुळे साउथ यूइस्टच्या लॉकबॉइसडेल बंदराची सेवा जवळजवळ महिनाभर बंद राहिली आणि शेकडो रहिवासी निषेधासाठी धक्क्यावर जमले. या सेवेवर थेट अधिकार नसलेल्या परिषदेला तेथे केवळ आपल्या लोकांची बाजू मांडता येत होती. जी संस्था स्वतःच्या हाती असलेल्या सामुद्रधुन्या एकेक करून बुजवू शकली तिला बोटींच्या नियोजनात ठोस अधिकार मिळावा, ही मागणी या पार्श्वभूमीवर पूर्णपणे समर्थनीय ठरते.

आज व्हॅटर्सेपासून लुईसच्या उत्तर टोकापर्यंत सायकलने जाणारा प्रवासी ‘हेब्रिडियन वे’ या मार्गाने दहा बेटे आणि सहा कॉजवे ओलांडतो आणि फक्त दोन वेळा बोटीत बसतो. ही दोन खिंडारे म्हणजे बॅराची आणि हॅरिसची सामुद्रधुनी. त्यातली हॅरिसची वाट विशेष बिकट आहे: बर्नरेहून लेव्हरबर्गला जाणारी बोट खडक, वाळूचे उंचवटे आणि छोटी बेटे यांच्यामधून, रंगीत बोये पाहत, सतत वळणे घेत सुमारे तासाभरात पलीकडे पोहोचते, आणि हा मार्ग दिवसाच्या उजेडातच चालवता येत असल्याने हिवाळ्यात, जेव्हा तेथे दिवस सात-आठ तासांपेक्षा फारसा मोठा नसतो, फेऱ्या कमी होतात. या दोन्ही ठिकाणी पूल, कॉजवे किंवा बोगदा असा कायमचा दुवा व्हावा अशी परिषदेची जुनी मागणी आहे. स्कॉटिश सरकारच्या वाहतूक प्रकल्पांच्या आढाव्याने डिसेंबर २०२२ मध्ये या दुव्यांचा पुढील अभ्यास व्हावा अशी शिफारस केली. व्हॅटर्से आणि बर्नरे यांच्या तुलनेत हे अंतर कितीतरी मोठे आणि पाणी अधिक गुंतागुंतीचे आहे. खर्च परिषदेच्या आवाक्याबाहेरचा आहे आणि युरोपीय संघाचा निधी आता ब्रिटनला उपलब्ध नाही, म्हणून अभ्यासानंतरचा निर्णय एडिंबरोच्या हाती आहे.