रात्री धड, सकाळी गप्प : गाडी सुरू का होत नाही?

काल दिवेलागणीला शेतातून आलेली गाडी अंगणात उभी केली, तेव्हा ती धडधाकट होती. आज पहाटे तुरीची पोती घालून कारंज्याच्या बाजारात निघायचे, म्हणून चावी फिरवावी तर गाडी ढिम्म. कारंजा तालुक्यातील कामरगाव घ्या, नाहीतर वऱ्हाडातले कोणतेही गाव घ्या, थंडीच्या दिवसांत एखाद्या तरी अंगणात हा प्रसंग घडतोच. मग चार माणसे जमतात. "काऊन बा, काय झालं?" इथून सुरुवात होते आणि "बॅटरी गेली, नवी टाका" इथे येऊन गोष्ट थांबते. जीप किंवा पिकअपची बॅटरी म्हणजे काही हजारांचा मामला. बाजारात जाण्याआधीच एखाद्या पोत्याचे दाम खर्ची पडले म्हणायचे. आणि पुष्कळदा ती नवी बॅटरीही आठ-पंधरा दिवसांत बसते, कारण दोष तिचा नव्हताच.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, पैसे काढण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा. संध्याकाळी चालणाऱ्या गाडीत एका रात्रीत बदलले काय? बहुधा तीनपैकी एक गोष्ट झालेली असते. बॅटरीतली वीज गेली, नळीतले डिझेल मागे उतरले, किंवा इंजिन गारठले. यातले काय झाले ते कान देऊन ऐकले तर गाडी स्वतःच सांगते.

आधी साध्या गोष्टी पाहून घ्या. गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना? टाकीत तेल आहे ना? जुन्या डिझेल गाडीला आणि ट्रॅक्टरला इंजिन बंद करण्याची घुंडी असते, ती ओढलेलीच राहिली नाही ना? या घुंडीपायी भल्या भल्या माणसांनी गाड्यांना धक्के मारलेले आहेत!

आता चावी फिरवा आणि ऐका. आवाजच नाही, नुसते "टक्" झाले, किंवा इंजिन कण्हत कण्हत फिरले, तर भानगड विजेची आहे. दिवे लावून चावी फिरवा. दिवे पार मंदावले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या जोडण्यांतून वीज नीट पुढे जात नाही. बॅटरीच्या टर्मिनलांवर पांढरी-हिरवट बुरशी दिसते का? वायर हाताने हलते का? हलत असेल तर निम्मे निदान झाले. वजा टोकाची वायर आधी सोडा, मग अधिकची. खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून टोके धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. घासून कोरडी करा, आवळा, वरून व्हॅसलीन लावा. जोडताना वजा टोक शेवटी. हे काम चालू असताना जवळ बिडी नको, काडी नको. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो आणि आतले पाणी म्हणजे गंधकाचे आम्ल आहे. पातळी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचे पाणी चालत नाही.

टोके स्वच्छ असूनही रोज सकाळी बॅटरी उतरत असेल तर रात्री कोणीतरी वीज खात आहे. पार्किंगचे दिवे चुकून राहिले तर सुमारे २५ वॅट, म्हणजे २ अँपिअर वीज जात राहते. १० तासांत २० अँपिअर-तास झाले, आणि जीपची बॅटरी असते साधारण ६० च्या आसपास. तिसरा हिस्सा झोपेतच गेला! जुनी बॅटरी एवढा फटका सोसत नाही. टेप, जादा हॉर्न आणि पोरांनी हौसेने बसवलेले रंगीत दिवे यांच्याकडेही संशयाने पाहा. परीक्षा सोपी आहे. रात्री वजा टोकाची वायर सोडून ठेवा आणि सकाळी जोडून चावी फिरवा. गाडी झटकन सुरू झाली, तर बॅटरी ठीक असून गळती कुठल्या तरी वायरीत आहे. तरीही कण्हत राहिली, तर बॅटरी म्हातारी झाली आहे किंवा ती भरतच नाही.

हे न भरण्याचे प्रकरण गावात फार आढळते. घर ते शेत, शेत ते घर एवढेच गाडीचे चालणे असले, तर सुरू करताना जितकी वीज जाते तितकीही परत भरून येत नाही. अल्टरनेटरचा पट्टा सैल असेल तर तोच परिणाम. मोटारीच्या वायरमनकडे व्होल्टमीटर असतोच. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. इंजिन चालू असताना आकडा १४ च्या आसपास गेला पाहिजे. गेला नाही, तर नवी बॅटरी टाकूनही उपयोग नाही.

समजा, इंजिन जोमाने फिरते आहे पण पेटत नाही. आता बॅटरीला दोष देऊ नका. मागे जाऊन धूर पाहा. इंजिन फिरताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे, पण गारठ्यामुळे पेटत नाही. हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबून मगच चावी फिरवा. तरीही रोज तेच, तर हीटर प्लग तपासून घ्या. धूर मुळीच नसेल तर डिझेल पोहोचत नाही, म्हणजेच हवा धरली आहे.

हवा धरणे हे विहिरीवर डिझेल इंजिन चालवलेल्या माणसाला नव्याने सांगायला नको. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली आणि पुढे गावोगाव विहिरींवर इंजिने धडधडू लागली. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून बुडबुडे निघून जाईपर्यंत डिझेल वाहू द्यायचे, ही विद्या तिथेच घरोघर शिकली गेली. जुन्या जीपला आणि ट्रॅक्टरला तीच विद्या लागू पडते. गाडी सुरू होऊन काही क्षणांत बंद पडते, हीही हवेचीच खूण. पंपातले उरलेले डिझेल संपले, मागून हवा आली. ज्या सांध्यातून हवा शिरते तिथून डिझेल गळताना दिसेलच असे नाही, म्हणून फिल्टरचे वायसर आणि रबरी नळीचे पट्टे हाताने चाचपा. एक रात्र गाडी पुढचे तोंड उताराकडे करून, चाकांना दगड लावून उभी करा. सकाळी विनातक्रार सुरू झाली तर संशय पक्का.

मात्र आजच्या कॉमन रेल गाड्यांच्या जाड लोखंडी नळ्यांना पाना लावू नका. त्यांतला दाब हवेच्या दाबाच्या हजारपट आणि त्याहूनही अधिक असतो. त्या दाबाने उडालेले डिझेल कातडी फोडून आत जाते.

पेट्रोलच्या नव्या गाडीत चावी लावताच मागून दोन क्षण पंपाची घूंघूं ऐकू येते. ती आली नाही तर फ्यूज पाहा. तो शाबूत असेल तर वायरी पाहा. धान्याच्या कोठाराशेजारी गाडी लावणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. उंदरांना उबदार इंजिन आवडते आणि वायरींचे वेष्टणही!

ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून गाडी सुरू करायची तर दोन्ही १२ व्होल्टच्या आहेत याची खात्री करा. मोठ्या ट्रकची वीज २४ व्होल्टची असते, ती जोडली तर वायरिंग जळते. लाल वायर अधिकला अधिक. काळी आधी चांगल्या बॅटरीच्या वजा टोकाला आणि शेवटी बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला. एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर मारू नका, मिनिटभर विसावा द्या. छपरीचे दार उघडे ठेवा, बंद जागेतला धूर माणूस मारतो.

आणि घरात बाळंतीण अडली असेल, कोणाच्या छातीत कळ आली असेल, तर बॉनेट उघडूच नका. आधी १०८ ला फोन लावा आणि शेजाऱ्याचे दार ठोठवा. गाडीचे निदान दुपारी करता येईल.