घरट्यातली माशी

माशी म्हटली की आपल्याला आठवते ती ताटाभोवती घोंघावणारी. तिच्याच कुळातली एक माशी मात्र पाखरांच्या पिलांच्या रक्तावर वाढते. फिलॉर्निस डाउन्सी हे तिचे शास्त्रीय नाव. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटर दूर, पॅसिफिक महासागरात गालापागोस बेटे आहेत. १८३५ साली डार्विन तेथे उतरला होता. तेथले फिंच पक्षी त्याच्याच नावाने ओळखले जातात. त्यांच्या घरट्यांत या माशीने बस्तान बसवले आहे.

आता गंमत अशी, की मोठी झालेली माशी रक्ताला शिवत नाही. ती फळांवर, कुजक्या पाल्यावर जगते. आईबाप चाऱ्याला गेले की मादी घरट्यात शिरून अंडी घालते. इवल्या अळ्या पिलांच्या नाकपुड्यांत शिरतात. थोड्या वाढल्या की घरट्याच्या तळाशी दडून बसतात आणि रात्री वर येऊन पिलांना डसतात. ढेकणासारख्याच म्हणा ना! एकेका घरट्यात अशा डझनावारी अळ्या सापडतात. पिलू ते केवढे, आणि त्याच्या अंगात रक्त ते किती असणार? काही हंगामांत घरटीच्या घरटी ओस पडतात. जी पिले जगतात, त्यांतल्या कित्येकांच्या चोचीला कायमचे व्यंग राहते.

ही माशी बाहेरून आलेली. १९६४ साली गोळा केलेल्या कीटकांत तिचे नमुने आहेत. पण घरट्यातला तिचा उद्योग उघडकीस आला तो १९९७ साली. तेथल्या मॉकिंगबर्ड पक्ष्यांचे तिच्यावाचून फारसे अडत नाही, तसे तिच्यामुळेही फारसे बिघडत नाही. आईबाप जास्त चारा भरवून रक्ताची तूट भरून काढतात. फिंचांना हे साधत नाही. इसाबेला बेटावरचा खारफुटीतला फिंच तर शंभराच्या आसपासच उरला आहे. २०१४ पासून त्याची अंडी उचलून, पिले माणसांच्या हातून वाढवून सोडण्याचा प्रयत्न झाला.

मला स्वतःला आवडला तो कापसाचा उपाय. संशोधकांनी परमेथ्रिन हे कीटकनाशक लावलेला कापूस जाळीत भरून झाडीत ठेवला. पाखरांनी तो आपणहून नेऊन घरट्यांत विणला. ज्या घरट्यात एक ग्रॅम जरी असा कापूस गेला, ते जवळजवळ अळीविरहित निघाले. २०१४ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. पण प्रत्येक पाखराने दरसाल कापूस न्यावा, हे कोण बघणार?

म्हणून तिचा वैरी शोधणे आले. एक्वादोरच्या मुख्य भूमीवर गांधीलमाशीच्या जातीचा एक बारीकसा कीटक या माशीच्या कोशातच अंडी घालतो. तो बेटांवर नेण्याआधी दुसऱ्या कोणाच्या वाटेला जातो का, हे पाहणे भाग होते. प्रयोगशाळेत त्याच्यापुढे इतर कीटकांचे कोश ठेवून पाहिले. त्याने त्यांना तोंड लावले नाही.