शून्य खर्चाची नैसर्गिक शेती

शून्य खर्चाची नैसर्गिक शेती (रूढ नाव : झिरो बजेट नैसर्गिक शेती) ही रासायनिक खते, कीटकनाशके आणि बाजारातून विकत आणलेल्या अन्य निविष्ठा टाळून, शेतावर व गावात उपलब्ध असलेल्या साधनांवर पीक घेण्याची पद्धत आहे. अमरावती जिल्ह्यातील बेलोरा येथे जन्मलेले कृषितज्ज्ञ सुभाष पाळेकर (जन्म १९४९) यांनी ती विकसित केली. या कार्यासाठी भारत सरकारने २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. पद्धतीचा उगम वऱ्हाडातील कोरडवाहू शेतीच्या अडचणींत असला, तरी तिचा मोठा प्रसार प्रथम कर्नाटक व आंध्र प्रदेशात झाला. पुढे पाळेकरांनी तिला ‘सुभाष पाळेकर नैसर्गिक शेती’ असे नाव दिले.

पार्श्वभूमी

अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ या जिल्ह्यांचा प्रदेश वऱ्हाड म्हणून ओळखला जातो. येथील जमीन प्रामुख्याने काळी, चिकण आणि ओल धरून ठेवणारी आहे. कापूस हे येथील जुने नगदी पीक असून त्याच्या ओळींमध्ये तूर, मूग, उडीद घेण्याची आणि पुढच्या हंगामात ज्वारी पेरून पीक पालटण्याची रीत होती. बियाणे घरचे, खत गोठ्यातले आणि वखर-डवरा ओढणारे बैलही घरचेच, अशी ही शेती होती. उत्पन्न बेताचे असले तरी पेरणीपूर्वी रोख रक्कम फारशी लागत नसे.

हरितक्रांतीनंतर संकरित बियाणे व रासायनिक खते आली. २००२ मध्ये बीटी कापसाला देशात परवानगी मिळाल्यानंतर काही वर्षांतच कापसाचे बहुतेक क्षेत्र त्याखाली गेले. दरवर्षी विकत घ्यायचे बियाणे, खते आणि फवारण्या यांमुळे एकरी खर्च वाढला. सिंचन मात्र त्या प्रमाणात वाढले नाही. पावसाने दगा दिला, की कृषी केंद्रातील उधारी व सावकाराचे कर्ज अंगावर राही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशाचे लक्ष या भागाकडे वेधले गेले. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी १ जुलै २००६ रोजी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. खर्चाचा प्रश्न हा जीविताचाही प्रश्न आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

पद्धतीचा विकास

पाळेकरांनी नागपूर येथे कृषिशास्त्राचे शिक्षण घेतले. त्यांच्या स्वतःच्या कथनानुसार १९७३ पासून ते घरच्या शेतीत रासायनिक पद्धत वापरू लागले. आरंभी उत्पादन वाढले, परंतु १९८५ नंतर ते घटू लागले. खतांची मात्रा वाढवूनही फरक पडेना, तेव्हा त्यांनी जंगलातील वनस्पतींचे निरीक्षण केले. कोणी खत घालत नाही, पाणी देत नाही, फवारत नाही, तरी रानातली झाडे दरवर्षी फळांनी लगडतात, हे त्यांच्या विचाराचे मूळ सूत्र ठरले. सुमारे १९८९ ते १९९५ या काळात त्यांनी आपल्या शेतात प्रयोग केले आणि नंतर शिबिरे व पुस्तकांद्वारे पद्धतीचा प्रसार सुरू केला.

‘शून्य खर्च’ या संज्ञेचा अर्थ

या नावामुळे शेतीला काहीच खर्च येत नाही, असा समज होतो. पाळेकरांना अभिप्रेत असलेला अर्थ वेगळा आहे. मुख्य पिकाला लागणारा खर्च आंतरपिकांच्या उत्पन्नातून भरून निघावा आणि कोणतीही निविष्ठा बाहेरून विकत आणावी लागू नये, म्हणजे मुख्य पिकाचा निव्वळ खर्च शून्यावर येतो. कपाशीत घेतलेले मूग व उडीद कापसाच्या आधी घरात येतात आणि तूर शेवटी हाती लागते. वऱ्हाडातील जुन्या मिश्र पिकांच्या रीतीला या विचारात महत्त्वाचे स्थान आहे. मजुरी, बैलजोडी आणि घरच्या माणसांचे श्रम यांचे मोल मात्र या हिशेबात पुरेसे धरले जात नाही, असा आक्षेप घेतला जातो.

चार आधारस्तंभ

बीजामृत : पेरणीपूर्वी बियाण्यावर करावयाची प्रक्रिया. २० लिटर पाणी, ५ किलो शेण, ५ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम चुना आणि मूठभर जिवंत माती यांचे मिश्रण रात्रभर ठेवून ते बियाण्याला चोळतात व बियाणे सावलीत सुकवतात.

जीवामृत : एका एकरासाठी २०० लिटर पाण्यात देशी गाईचे १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन किंवा कोणत्याही डाळीचे पीठ आणि धुऱ्यावरची मूठभर माती मिसळतात. हे द्रावण सावलीत सुमारे ४८ तास आंबवले जाते आणि दिवसातून दोनदा काठीने ढवळले जाते. गूळ व पीठ हे सूक्ष्मजीवांचे खाद्य होय. माती धुऱ्यावरची घ्यायची, कारण तेथे नांगर व औषध पोहोचलेले नसल्यामुळे स्थानिक सूक्ष्मजीव टिकून राहिलेले असतात. पाणी दुर्मीळ असलेल्या कोरडवाहू शेतासाठी शेण, गूळ व पीठ एकत्र करून वाळवलेले घनजीवामृत वापरतात. ते पेरणीच्या वेळी जमिनीत मिसळता येते.

आच्छादन : पिकांचे अवशेष किंवा जिवंत आंतरपिके यांनी जमीन झाकून ठेवणे. त्यामुळे ऊन व पावसाचा मारा थेट मातीवर बसत नाही, ओल टिकते आणि गांडुळांना अनुकूल वातावरण मिळते.

वाफसा : हा शेतकऱ्यांच्या बोलीतील जुना शब्द आहे. पावसानंतर जमीन ना चिखल ना कोरडी, पेरणी-डवरणीस योग्य अशा स्थितीत आली, की ‘वाफसा झाला’ असे म्हणतात. पाळेकरांनी त्याला व्यापक अर्थ दिला. मातीच्या कणांमधील पोकळीत हवा आणि पाण्याची वाफ यांचा समतोल असणे म्हणजे वाफसा, आणि मुळांना साचलेले पाणी नव्हे तर हा समतोल हवा असतो, असे ते मांडतात. संततधार पावसात पाणी तुंबून कपाशी पिवळी पडते, हा काळ्या जमिनीतील नेहमीचा अनुभव असल्याने हे तत्त्व येथील शेतकऱ्याला सहज समजते.

कीड-रोगांसाठी निमास्त्र (कडुनिंब, गोमूत्र, शेण), अग्निअस्त्र (कडुनिंबासह तिखट मिरची, लसूण व तंबाखू गोमूत्रात उकळून) आणि दहा वनस्पतींच्या पाल्यापासून केलेला दशपर्णी अर्क वापरतात.

सेंद्रिय शेतीशी फरक

नैसर्गिक शेती आणि सेंद्रिय शेती हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. पाळेकर मात्र त्यांत भेद करतात. सेंद्रिय शेतीत शेणखत, गांडूळखत, पेंड अशी भर मोठ्या प्रमाणात घालावी लागते आणि ती विकत घेतली तर शेतकऱ्याचे परावलंबन कायम राहते, असा त्यांचा आक्षेप आहे. त्यांच्या मते जीवामृत हे खत नसून विरजण आहे. दुधाला चमचाभर विरजण पुरते, त्याप्रमाणे जमिनीत असलेली अन्नद्रव्ये मुळांना उपलब्ध करून देणारे सूक्ष्मजीव वाढविणे एवढेच त्याचे काम होय.

शास्त्रीय वाद

पद्धतीवरील मुख्य आक्षेप नत्रासंबंधी आहे. पीक आपल्या वजनाचा बहुतांश भाग हवा व पाणी यांतून घेते, हे खरे आहे. परंतु हवेतील नत्र बहुतेक पिकांना थेट घेता येत नाही. ते कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतील व जमिनीतील काही जीवाणूंमार्फतच स्थिर होते. एका वेळच्या जीवामृतातील शेण, गोमूत्र व पीठ यांतून मिळणारे नत्र काही शे ग्रॅमच्या आसपासच भरते, तर एकरी पाच क्विंटल कापूस देणारे पीक कित्येक किलो नत्र उचलते. म्हणजे जीवामृत हे पोषणाचा स्रोत म्हणून अपुरे आहे. ते विरजण आहे असे मानले, तरी विरजणाला दूध हवे. जमिनीत सेंद्रिय पदार्थ नसतील तर सूक्ष्मजीव कशावर काम करणार, हा प्रश्न उरतो. त्यामुळे आच्छादन आणि कडधान्यांची आंतरपिके वगळून केवळ जीवामृत देणाऱ्या शेतात उत्पादन घटण्याचा धोका अधिक असतो.

५ जुलै २०१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पीय भाषणात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी या पद्धतीचा पुरस्कार केला. त्यानंतर त्याच वर्षी राष्ट्रीय कृषिविज्ञान अकादमीने पुरेशा शास्त्रीय पुराव्याशिवाय तिचा देशव्यापी प्रसार करू नये, अशी भूमिका घेतली. देशी गाईच्या शेणाविषयीचे दावेही शास्त्रज्ञांना मान्य नाहीत. दुसऱ्या बाजूला, उत्पादन थोडे घटले तरी खर्च त्याहून अधिक घटत असल्यास शेतकऱ्याच्या हाती जास्त उरते, असे समर्थकांचे म्हणणे आहे. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक घातलेली बंदी त्याच वर्षी मागे घ्यावी लागली. बदल टप्प्याटप्प्यानेच झाला पाहिजे, हे सांगताना हे उदाहरण दिले जाते.

वऱ्हाडातील अडचणी

बियाणे : सेंद्रिय प्रमाणीकरणात जनुकीय बदल केलेले बियाणे चालत नाही, परंतु बाजारात मिळणारे बहुतेक कापूस बियाणे बीटी असते. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने (स्थापना १९६९) देशी कापसाचे वाण विकसित केले आहेत. हे वाण पाण्याचा ताण व रसशोषक किडी तुलनेने चांगल्या सहन करतात. त्यांचा धागा सहसा आखूड असल्याने बाजारभावाचा प्रश्न येतो.

काडीकचरा : आच्छादनासाठी लागणारे कुटार जनावरांचा चारा असते, तर तुराटी व पऱ्हाटी चुलीचे जळण असते. जमीन झाकायची, जनावर पोसायचे की चूल पेटवायची, ही निवड लहान शेतकऱ्याला करावी लागते.

जनावरे : एका देशी गाईवर तीस एकर शेती होऊ शकते, असे पाळेकर सांगतात. तथापि ट्रॅक्टर आल्यापासून आणि चराईची जमीन आटल्यापासून अनेक घरांचे गोठे रिकामे झाले आहेत.

खारपाणपट्टा : पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात भूजल खारे आहे आणि जमिनीचा निचरा मंद आहे. विहिरीच्या पाण्याने ओलीत केल्यास जमीन बिघडते. त्यामुळे येथे पावसाची ओल टिकविणे हाच मुख्य उपाय असून आच्छादन व वाफसा यांना विशेष महत्त्व आहे.

बाजार : जिनिंगमध्ये सर्व कापूस एकाच ढिगात जातो. औषध न फवारलेल्या कापसाची ओळख तेथे पुसली जाते आणि भावही तोच मिळतो. स्वतंत्र ओळख टिकविण्यासाठी प्रमाणीकरण लागते. त्रयस्थ संस्थेकडून ते करून घेणे लहान शेतकऱ्याला खर्चिक पडते. शेतकऱ्यांचे गट एकमेकांच्या शेताची तपासणी करतात, अशी सहभागी हमी पद्धत त्याला पर्याय म्हणून उपलब्ध आहे.

अन्य देशांतील समांतर प्रवाह

जपानमधील मासानोबू फुकुओका (१९१३–२००८) यांनी नांगरणी, खत, निंदणी आणि औषध यांशिवाय भात व अन्य पिके घेतली. त्यांच्या ‘एका काडातून क्रांती’ या पुस्तकाचा भारतीय कार्यकर्त्यांवर मोठा प्रभाव पडला.

फ्रान्समधील लहान द्राक्ष बागायतदारांची ‘नैसर्गिक वाइन’ची चळवळ हे दुसरे उदाहरण होय. बोजोले प्रांतातील रसायनशास्त्रज्ञ ज्यूल शोवे (१९०७–१९८९) आणि त्यांच्या विचाराने प्रेरित झालेले मार्सेल लापिएर यांच्यापासून तिला चालना मिळाली. हे उत्पादक रसायने न फवारलेली द्राक्षे हाताने तोडतात. विकतचे किण्व न घालता सालीवरील व तळघरातील नैसर्गिक किण्वावरच रस आंबू देतात आणि गंधकाचा वापर टाळतात किंवा अत्यल्प करतात. २०२० मध्ये तेथे यासाठी एक स्वतंत्र सनद अस्तित्वात आली. तिच्यानुसार सल्फाइटचे प्रमाण लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. धुऱ्यावरच्या मातीवर विसंबणारे जीवामृत आणि सालीवरच्या किण्वावर विसंबणारी ही वाइन यांमागे स्थानिक सूक्ष्मजीवांवरील विश्वास समान आहे. फरक बाजारातील आहे. फ्रेंच बागायतदार आपल्या नावाची बाटली विकतो आणि मेहनतीचे मोल ग्राहकाकडून थेट घेतो, तर वऱ्हाडातील कापूस उत्पादकाचे नाव गाठीच्या आत हरवते.

शासकीय धोरण

आंध्र प्रदेश सरकारने रयतु साधिकार संस्थेमार्फत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर राबविली. महिलांचे बचत गट आणि गावातीलच अनुभवी शेतकरी हे तेथील प्रसाराचे माध्यम होते. पुढे पाळेकर त्या कार्यक्रमापासून दूर झाले आणि कार्यक्रमाचे नावही बदलले. हिमाचल प्रदेशने २०१८ मध्ये स्वतंत्र योजना सुरू केली.

महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ व वर्धा या जिल्ह्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन स्थापन केले. त्याचे मुख्यालय अकोला येथे आहे. पुढे त्याच्या नावात ‘नैसर्गिक शेती’ हा शब्द आला आणि कार्यक्षेत्र राज्यभर विस्तारले. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानास मान्यता दिली. त्यासाठी २,४८१ कोटी रुपयांची तरतूद असून एक कोटी शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्याचे आणि ७.५ लाख हेक्टर क्षेत्र या पद्धतीखाली आणण्याचे उद्दिष्ट आहे. गावपातळीवर निविष्ठा तयार करणारी केंद्रे उभारणे हाही या अभियानाचा एक भाग आहे. जीवामृतासारख्या गोष्टी शेतकऱ्याने स्वतः करण्याऐवजी विकत घेतल्या, तर शून्य खर्चाच्या मूळ तत्त्वाशी त्या कितपत सुसंगत राहतील, हा या टप्प्यावरील चर्चेचा विषय आहे.