आक्रमक फळी (महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉल)

आक्रमक फळी किंवा ऑफेन्सिव्ह लाइन ही अमेरिकन फुटबॉल या खेळात चेंडू ताब्यात असलेल्या संघाच्या पुढच्या रांगेतील पाच खेळाडूंची तुकडी होय. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक गार्ड आणि त्यांच्या बाहेरच्या बाजूंना एकेक टॅकल अशी तिची रचना असते. प्रतिस्पर्धी बचावपटूंना अडवून आपल्या धावपटूसाठी वाट मोकळी करणे आणि चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचे रक्षण करणे ही तिची दोन मुख्य कामे आहेत. सेंटर प्रत्येक खेळीच्या आरंभी चेंडू मागे देतो. त्याखेरीज हे खेळाडू सहसा चेंडू हाताळत नाहीत आणि गुणफलकावर त्यांची नावे क्वचितच येतात. तरीही संघाच्या आक्रमणाचे यश मोठ्या प्रमाणात या पाच जणांवर अवलंबून असते. हा लेख अमेरिकेतील विद्यापीठांच्या संघांमध्ये खेळल्या जाणाऱ्या महाविद्यालयीन फुटबॉलमधील आक्रमक फळीविषयी आहे. भारतात फुटबॉल या नावाने परिचित असलेला खेळ यापेक्षा वेगळा आहे.

पार्श्वभूमी व नियम

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. दोन्ही गोलरेषांमधील अंतर १०० यार्ड (९१.४४ मीटर) असते. आक्रमक संघाला १० यार्ड पुढे जाण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. या प्रयत्नांना डाउन म्हणतात. चार डाउनमध्ये १० यार्ड पूर्ण केल्यास नवे चार डाउन मिळतात, अन्यथा चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. प्रत्येक खेळी ज्या काल्पनिक रेषेपासून सुरू होते तिला स्क्रिमेज रेषा म्हणतात. आक्रमक फळी याच रेषेवर उभी राहते.

महाविद्यालयीन नियमांनुसार सर्वसाधारण खेळीत स्क्रिमेज रेषेवर ५० ते ७९ या क्रमांकांचा गणवेश घातलेले किमान पाच खेळाडू असावे लागतात. या खेळाडूंना पुढे फेकलेला पास झेलण्याचा अधिकार नसतो. प्रतिस्पर्ध्याला पकडून ठेवल्यास १० यार्डांचा आणि खेळी सुरू होण्यापूर्वी हालचाल केल्यास पाच यार्डांचा दंड होतो.

व्यावसायिक व महाविद्यालयीन नियमांतील एक फरक फळीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पास फेकला जाण्यापूर्वी फळीतील खेळाडू व्यावसायिक खेळात स्क्रिमेज रेषेपुढे एक यार्ड, तर महाविद्यालयीन खेळात तीन यार्डांपर्यंत जाऊ शकतात. त्यामुळे फळी धावत्या खेळीसाठी पुढे सरकत असतानाच क्वार्टरबॅक बचावपटूंची हालचाल पाहून चेंडू धावपटूकडे द्यायचा की फेकायचा, हे ठरवू शकतो. अशा दुहेरी पर्यायाच्या खेळी महाविद्यालयीन स्तरावर लोकप्रिय होण्यामागे ही सवलत हे एक प्रमुख कारण आहे.

इतिहास

पहिला महाविद्यालयीन फुटबॉल सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी राज्यातील न्यू ब्रन्सविक येथे रटगर्स व प्रिन्स्टन यांच्यात झाल्याचे मानले जाते. त्यात प्रत्येक बाजूने २५ खेळाडू होते आणि आजच्या अर्थाची फळी अस्तित्वात नव्हती. येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांच्या पुढाकाराने १८८० मध्ये संघातील खेळाडूंची संख्या ११ झाली व स्क्रिमेजची पद्धत आली. चेंडूचा ताबा एका संघाकडे निश्चित झाल्यामुळे 'अडवणारे' आणि 'चेंडू नेणारे' असे श्रमविभाजन शक्य झाले.

आरंभीच्या काळात अडवणे म्हणजे सामूहिक धडक असे. १८९२ मध्ये हार्वर्डने येलविरुद्ध 'फ्लाइंग वेज' ही पाचरीच्या आकाराची रचना वापरली. तीत खेळाडू दुरून वेगाने धावत येऊन एकाच ठिकाणी आदळत. अशा डावपेचांमुळे गंभीर इजा व मृत्यू वाढले. १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुरक्षित करण्याचा आग्रह धरला. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली आणि दोन्ही फळ्यांमध्ये चेंडूच्या लांबीएवढी तटस्थ पट्टी राखणे बंधनकारक झाले. पास अधिकृत झाल्यामुळे फळीवर पास-संरक्षण ही दुसरी जबाबदारी आली.

१९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत खेळाडू बदलण्यावर वेगवेगळ्या काळात कमीअधिक निर्बंध होते, त्यामुळे अनेकदा तेच खेळाडू आक्रमण व बचाव दोन्ही करीत. नोत्र दामच्या १९२४ च्या संघातील चार आघाडीच्या खेळाडूंना क्रीडापत्रकार ग्रँटलँड राइस यांनी 'फोर हॉर्समेन' म्हणजे चार घोडेस्वार म्हटले आणि ते नाव देशभर गाजले. त्यांच्यापुढे राबणाऱ्या सात जणांच्या फळीला 'सेव्हन म्यूल्स' म्हणजे सात खेचरे असे नाव पडले. १९३६ च्या फोर्डहॅम विद्यापीठाच्या फळीला 'सेव्हन ब्लॉक्स ऑफ ग्रॅनाइट' म्हणत. पुढे व्यावसायिक फुटबॉलमधील विख्यात प्रशिक्षक झालेले विन्स लोम्बार्डी तिच्यात गार्ड होते.

कार्यपद्धती

धावत्या खेळीत फळी दोन प्रमुख पद्धती वापरते. क्षेत्र-पद्धतीत पाचही जण एकाच दिशेने सरकतात. प्रत्येक जण ठरावीक खेळाडूला न अडवता आपल्या वाट्याच्या जागेत येणाऱ्याला अडवतो आणि जेथे फट पडेल तेथून धावपटू घुसतो. दुसऱ्या पद्धतीत फट कोठे पाडायची हे आधीच ठरलेले असते. अशा वेळी एक गार्ड किंवा टॅकल आपली जागा सोडून फळीच्या मागून दुसऱ्या बाजूला धावत जातो आणि तेथे आपल्या बाजूने एक माणूस वाढवतो. दोन्ही पद्धतींत दोघांनी मिळून एका बचावपटूला मागे ढकलणे आणि योग्य क्षणी एकाने सुटून मागच्या बचावपटूकडे जाणे हे कौशल्याचे काम मानले जाते.

पास-संरक्षणात फळीला मागे सरकत, तोल न जाऊ देता, समोरून धावून येणाऱ्यांना थोपवावे लागते. क्वार्टरबॅकला झेलणारे मोकळे होईपर्यंत साधारणतः तीन सेकंदांच्या आसपास वेळ हवा असतो. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डाव्या बाजूकडे वळलेली असल्यामुळे त्या बाजूने येणारा हल्ला त्याला दिसत नाही. म्हणून डाव्या टॅकलची जागा विशेष जोखमीची समजली जाते. मायकेल लुईस यांचे २००६ मधील 'द ब्लाइंड साइड' हे पुस्तक याच जागेच्या वाढत्या महत्त्वाविषयी आहे.

सेंटरचे काम चेंडू मागे देण्यापुरते नसते. बचावपटूंची मांडणी पाहून कोणी कोणाला अडवायचे, याच्या सूचना बहुधा तोच देतो. प्रेक्षकांच्या गोंगाटात त्या ऐकू येत नाहीत, म्हणून परक्या मैदानावर फळीला मूक खुणांवर विसंबावे लागते. पाचांपैकी एकाने जरी चुकीचा अर्थ लावला, तरी उरलेल्या चौघांची मेहनत वाया जाते.

महत्त्व

बळकट फळीचे महत्त्व डाउनच्या गणितातून समजते. प्रत्येक प्रयत्नात सरासरी साडेतीन यार्ड मिळाले, तरी तीन प्रयत्नांत १० यार्ड पूर्ण होतात. पहिल्या प्रयत्नात पाच यार्ड मिळाल्यास पुढे धावावे की फेकावे, हे बचाव करणाऱ्यांना ओळखता येत नाही. याउलट क्वार्टरबॅक मागेच पकडला जाऊन सात यार्ड गमावल्यास १७ यार्ड बाकी राहतात. मग पास अपरिहार्य होतो आणि बचावपटू त्यासाठीच सज्ज राहतात. याशिवाय धावत्या खेळीत घड्याळ सहसा चालू राहते. फळी वरचढ असलेला संघ चेंडू दीर्घकाळ आपल्याकडे ठेवून प्रतिस्पर्ध्याच्या आक्रमणाला बाहेर बसवू शकतो.

महाविद्यालयीन खेळात या बाबींना अधिक धार येते. खेळाडूंची पात्रता मर्यादित वर्षांची असल्याने संघ सतत बदलत असतो आणि क्वार्टरबॅक अनेकदा अननुभवी असतो. फळीतील खेळाडूचे शरीर व तंत्र घडण्यास दोन-तीन वर्षे लागू शकतात. अशा वेळी एकत्र खेळून मुरलेली फळी नवख्या क्वार्टरबॅकला सावरून धरते.

उल्लेखनीय उदाहरणे

नेब्रास्का (१९९४-९५): टॉम ऑस्बोर्न प्रशिक्षक असताना नेब्रास्काची फळी 'पाइपलाइन' या नावाने ओळखली जाई. १९९४ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक टॉमी फ्रेझर रक्ताच्या गुठळ्यांमुळे हंगामाचा बराच काळ खेळू शकला नाही. तरीही संघ अपराजित राहिला, ऑरेंज बोलमध्ये मायामीला २४-१७ असे हरवून विजेता ठरला आणि फळीतील झॅक विगर्टला आउटलँड करंडक मिळाला. १९९५ च्या हंगामात संघाने दर सामन्यात सरासरी सुमारे ४०० यार्ड धावत मिळवले. अंतिम सामन्यात फ्लोरिडाविरुद्ध ५२४ यार्ड धावून त्याने ६२-२४ असा विजय मिळवला.

मिशिगन (२०२१-२३): मिशिगनच्या फळीने २०२१ व २०२२ अशी सलग दोन वर्षे जो मूर पुरस्कार मिळवला. नोव्हेंबर २०२३ मध्ये पेन स्टेटविरुद्धच्या सामन्याच्या उत्तरार्धात मिशिगनच्या नावावर एकही अधिकृत पास नोंदला गेला नाही. धावत्या खेळीच्या बळावर संघ २४-१५ असा जिंकला. त्याच महिन्यात ओहायो स्टेटविरुद्ध गार्ड झॅक झिंटरचा पाय मोडला. त्याला मैदानाबाहेर नेल्यानंतरच्या पहिल्याच खेळीत ब्लेक कोरमने २२ यार्ड धावून टचडाउन केला. मिशिगनने तो सामना ३०-२४ असा जिंकला आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपदही मिळवले.

आर्मी (२०२४): वेस्ट पॉइंट येथील अमेरिकी लष्करी अकादमीच्या खेळाडूंना लष्करी सेवेचे शारीरिक निकष पाळावे लागतात, त्यामुळे त्यांची फळी इतर मोठ्या संघांपेक्षा सहसा हलकी असते. तरीही अचूक समन्वय व धावत्या खेळीवरील भर यांच्या जोरावर संघाने १२ सामने जिंकले आणि २०२४ चा जो मूर पुरस्कार मिळवला. फळीचे बळ केवळ वजनात नसते, हे या उदाहरणावरून दिसते.

मूल्यमापन व पुरस्कार

फळीचे काम आकड्यांत मांडणे कठीण आहे. प्रत्येक धावेचे यार्ड धावपटूच्या नावावर जमा होतात आणि क्वार्टरबॅक पकडला गेल्यास गमावलेले यार्ड महाविद्यालयीन नोंदींत संघाच्या धावत्या यार्डांतून वजा होतात. व्यावसायिक नोंदींत ते पासच्या यार्डांतून वजा होतात. त्यामुळे केवळ धावण्याचे आकडे पाहून फळीचा दर्जा ठरवणे दिशाभूल करणारे ठरते. प्रशिक्षक म्हणूनच प्रत्येक खेळीचे चित्रण पाहून एकेका खेळाडूला गुण देतात.

उत्कृष्ट लाइनमनला १९४६ पासून आउटलँड करंडक दिला जातो. नेब्रास्काचा सेंटर डेव्ह रिमिंग्टन याने तो १९८१ व १९८२ असा दोनदा मिळवला. त्याच्याच नावाचा करंडक २००० पासून सर्वोत्तम सेंटरला दिला जातो. २०१५ मध्ये सुरू झालेला जो मूर पुरस्कार एका व्यक्तीला न देता संपूर्ण फळीला दिला जातो. सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूसाठीचा हाइझमन करंडक मात्र आक्रमक फळीतील एकाही खेळाडूला मिळालेला नाही. ओहायो स्टेटचा टॅकल जॉन हिक्स १९७३ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर होता.

आरोग्य व सुरक्षितता

मोठ्या विद्यापीठांच्या फळीतील अनेक खेळाडूंचे वजन ३०० पाउंडांहून (१३६ किलोग्रॅम) अधिक असते. जवळपास प्रत्येक खेळीत होणाऱ्या टकरींमुळे त्यांच्या डोक्याला लहान पण वारंवार धक्के बसतात. मेंदूवर होणाऱ्या दीर्घकालीन परिणामांच्या चर्चेत अशा धक्क्यांचा विचार प्रामुख्याने केला जातो. गुडघ्यांवर मागून पडणाऱ्या खेळाडूंमुळे होणाऱ्या इजाही सामान्य आहेत. अधिक वजनामुळे उष्माघाताचा धोका वाढतो. मेरीलँड विद्यापीठाच्या आक्रमक फळीतील जॉर्डन मॅकनेर या १९ वर्षीय खेळाडूला मे २०१८ मध्ये सरावादरम्यान उष्माघात झाला आणि जूनमध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच्यावर तातडीने योग्य उपचार न झाल्याबद्दल विद्यापीठाने कायदेशीर व नैतिक जबाबदारी स्वीकारली.

मर्यादा

बळकट फळी विजयाची हमी देत नाही. २०२३ चा जो मूर पुरस्कार वॉशिंग्टनच्या फळीला मिळाला होता, पण ८ जानेवारी २०२४ रोजी ह्यूस्टन येथील राष्ट्रीय अंतिम सामन्यात मिशिगनने ३०३ यार्ड धावत वॉशिंग्टनला ३४-१३ असे हरवले. क्वार्टरबॅकने चेंडू वेळेत न सोडल्यास उत्तम फळीही त्याला वाचवू शकत नाही. उलट चेंडू झटपट फेकणारा क्वार्टरबॅक सामान्य फळीच्या उणिवा झाकू शकतो. म्हणून एखाद्या फळीचा दर्जा तिच्यामागे खेळणाऱ्यांचे निर्णय आणि समोरच्या बचावाची ताकद लक्षात घेऊनच ठरवला जातो.

हेसुद्धा पाहा

अमेरिकन फुटबॉल
क्वार्टरबॅक
हाइझमन करंडक