दगड गेला, चढ गेला, मग उरलं काय? 'एज ऑफ एम्पायर्स ३'वर जुने खेळाडू का रुसले

आजच्या भागात एक जुनी तक्रार सोडवून बघायची आहे. तुमच्या घरात किंवा गल्लीत पस्तिशी-चाळिशीचा एखादा दादा असेल, ज्यानं कधीकाळी सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून 'एज ऑफ एम्पायर्स २' खेळला असेल. त्याला सहज विचारा, "दादा, तिसरा भाग कसा होता रे?" बहुतेक वेळा तोंड वाकडं होतं. "ग्राफिक्स भारी, पण मजा नाय आली." बास, एवढंच. मजा का नाही आली, हे मात्र त्याला नीट सांगता येत नाही.

तर ते 'का' आज समजून घेऊ. कारण हा प्रश्न तुमच्या फोनमधल्या गेमलाही लागू पडतो, आणि तिथं तुमचा वेळ आणि पैसा दोन्ही पणाला लागलेले असतात.

आधी थोडी पार्श्वभूमी

ही स्ट्रॅटेजी गेम आहे. म्हणजे तुम्ही एक सैनिक नसता, अख्खं राज्य चालवत असता. माणसं कामाला लावायची, धान्य-लाकूड जमवायचं, इमारती बांधायच्या, फौज उभी करायची. दुसरा भाग १९९९ साली आला, तिसरा २००५ साली. दोन्ही एन्सेम्बल स्टुडिओजनेच बनवलेले, दोन्ही मायक्रोसॉफ्टचे. म्हणजे नवख्या लोकांनी जुनी गेम बिघडवली असंही म्हणता येत नाही. बनवणाऱ्यांनी विचार करूनच नियम बदलले. त्यातले तीन बदल बघू.

बदल पहिला: ओझं वाहणं बंद

दुसऱ्या भागात तुमचा व्हिलेजर झाड तोडतो, सुरुवातीला दहा लाकडं उचलतो आणि कोठारापर्यंत चालत जाऊन टाकतो. मग परत झाडाकडे. कोठार लांब असेल तर निम्मा वेळ चालण्यातच जातो.

सांगली-साताऱ्याच्या पोरांना हे वेगळं समजवायला नको. ऊस तोडला की लवकर कारखान्यात पोचला पाहिजे. उशीर झाला की वजन घटतं, उताराही घटतो. शेत आणि गव्हाण यांच्यातलं अंतर म्हणजेच पैसा.

गेममध्येही तेच. कोठार झाडांना खेटून बांधायचं, पण झाडं संपली की पुढे सरकायचं. पुढे सरकलं की शत्रूच्या तोंडात जायचं. म्हणजे कोठार कुठं बांधायचं, हा एक निर्णय होता.

तिसऱ्या भागात व्हिलेजर जागेवरच तोडतो आणि लाकूड आपोआप खात्यात जमा होतं. कटकट वाचली, हे खरं. पण त्या कटकटीबरोबर तो निर्णयही गेला.

बदल दुसरा: दगड गायब

दुसऱ्या भागात चार गोष्टी जमवाव्या लागतात: अन्न, लाकूड, सोनं आणि दगड. एक कॅसल बांधायला ६५० दगड लागतो. नेहमीच्या सुरुवातीला हातात असतो फक्त २००. नकाशावर दगडाच्या खाणी मोजक्याच. मग प्रश्न येतो की माणसं दगडावर लावू की धान्यावर? किल्ला उभा राहीपर्यंत फौज कमी पडली तर?

तिसऱ्या भागात दगड हा प्रकारच नाही. अन्न, लाकूड आणि नाणी, एवढंच. युरोपीय राज्य घेतलं तर तुमचा फोर्ट एका पत्त्यातून येतो. मायदेशातून पत्ता पाठवला की गाडा येतो, आणि तो गाडा जिथं उलगडाल तिथं किल्ला! २००७ साली 'द एशियन डायनॅस्टीज' हा विस्तार आला आणि त्यात 'इंडियन्स' खेळता येऊ लागले. त्यांचा कॅसल बांधायचा तर लाकूड मोजायचं. सह्याद्रीतल्या माणसानं हे वाचून काय म्हणावं, ते तुम्हीच ठरवा.

बदल तिसरा: उंचीला किंमत नाही

हा माझ्या मते सगळ्यात मोठा. दुसऱ्या भागात टेकडीवरून खाली मारा केला तर २५ टक्के जास्त नुकसान होतं. खालून वर मारलं तर २५ टक्के कमी. त्यामुळे खेळाडू नकाशा बघताना पहिल्यांदा चढ शोधतो. तिसऱ्या भागात डोंगर दिसतात देखणे, पण लढाईत उंचीचा असा फायदा मिळत नाही.

आता अजिंक्यताऱ्याकडे बघा. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः साताऱ्याखाली येऊन बसला. एवढी मोठी फौज, तोफा, खजिना. किल्लेदार प्रयागजी प्रभू आणि वर मूठभर माणसं. किल्ला हाती यायला एप्रिल १७०० उजाडला, चार महिन्यांहून जास्त काळ गेला. मोगलांनी सुरुंग लावले, तर एका स्फोटात तट ढासळून त्यांच्याच सैनिकांवर कोसळला आणि शेकडो माणसं गाडली गेली. त्या चार महिन्यांत उंची, दगड आणि वर पुरवून खायचं धान्य, या तीन गोष्टींनी किल्ला लढवला. दुसऱ्या भागाच्या नियमांत असा वेढा बऱ्यापैकी उभा करता येतो. तिसऱ्यात फक्त देखावा उभा राहील.

आणि गंमत बघा, काळ तिसऱ्या भागाचाच जास्त जुळतो. तोफा-बंदुकांचं युग, म्हणजे शिवकाळ आणि पेशवाई त्यातच बसते. पण त्या २००७ च्या विस्तारात भारतासाठी एकच निवड होती आणि तिची राजधानी दिल्ली. शिपाई, गुरखा, राजपूत, माहूत असे सगळे आहेत, मराठे म्हणून वेगळी निवड नाही. मराठे घेऊन खेळायची सोय २००९ च्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये होती.

मग जुने खेळाडू बरोबरच का?

थांबा, इतकंही सोपं नाही. जुन्या माणसाला नवीन काहीच आवडत नाही, असंही असू शकतं.

सांगलीचंच उदाहरण घेऊ. सांगली म्हणजे बुद्धिबळाचं गाव. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा, स्वाती घाटेंसारखी खेळाडू, हे सगळं इथलंच. पण आपल्याकडं पूर्वी बुद्धिबळ देशी नियमांनी खेळलं जायचं. त्यात प्यादं पहिल्या चालीतही एकच घर पुढे जायचं. आंतरराष्ट्रीय नियमांत पहिल्यांदा दोन घरं जाता येतं. म्हणजे सुरुवात वेगवान झाली. जुन्यांना ते खटकणारच. पण खेळ उथळ झाला का? नाही. देशी नियमांवर वाढलेल्या मीर सुलतान खान यांनी नवे नियम आत्मसात केले आणि १९२९, १९३२, १९३३ अशी तीनदा ब्रिटिश स्पर्धा जिंकली.

त्यामुळे 'बदललं म्हणून वाईट' हा निकष चालत नाही. मी वापरतो तो निकष असा: जे काढलं, त्याच्यासोबत खेळाडूचा एखादा निर्णय गेला का? आणि गेला असेल, तर त्याच्या जागी दुसरा निर्णय आला का?

या निकषावर तिसऱ्या भागालाही गुण द्यावे लागतात. पत्त्यांची गड्डी आधी लावून ठेवायची, व्यापारी रस्त्यावर ठाणं कधी टाकायचं, स्थानिक जमातींशी मैत्री करायची की नाही, हे खरे नवे निर्णय होते. पण मूळ गेममध्ये चांगले पत्ते मिळवायला तासन् तास खेळून मायदेशाची लेव्हल वाढवावी लागायची. यात डोकं नाही, फक्त वेळ जायचा. २०२० साली डेफिनिटिव्ह एडिशन आली तेव्हा पत्ते सुरुवातीपासूनच खुले केले. म्हणजे त्या तक्रारीत तथ्य होतं, फक्त ऐकायला पंधरा वर्षं लागली.

आणि २०२१ च्या चौथ्या भागात काय झालं? दगड परत आला. कोठारापर्यंत चालणंही परत आलं. दुसरा भाग तर २०१३ ला एचडीत, २०१९ ला डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये आणि २०२२ ला 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' घेऊन पुन्हा पुन्हा नवा होत राहिला.

आता तुमच्या फोनकडे या

फोनवरच्या बऱ्याच राज्य-बांधणीच्या गेममध्ये इमारत बांधायला टाका, 'आठ तास' लिहून येतं. थांबा, नाहीतर पैसे देऊन लगेच पूर्ण करा. इथं तोच निकष लावून बघा. थांबण्यात तुमचा कुठला निर्णय आहे? ६५० दगड जमवताना तुम्ही डोकं चालवता. आठ तास थांबताना फक्त पाकीट उघडायचं की नाही, एवढंच ठरवता. २०२४ मध्ये 'एज ऑफ एम्पायर्स' हे नाव घेऊन मोबाइल गेमही आली. डाउनलोड फुकट, आत खरेदी. नाव जुनं आहे म्हणून खेळ जुनाच असेल, असं धरून चालू नका.

कुठलाही नवा भाग घेण्याआधी तीन गोष्टी बघा. काय काढलंय, त्याच्या जागी काय आलंय, आणि हरलात तर चूक तुमच्या चालीची असते की रिकाम्या पाकिटाची?

तुमच्यातला एखादा उद्या साताऱ्याच्या वेढ्यावर गेम बनवेलही. त्यानं चित्रं मागाहून काढावीत. आधी कागदावर तीन नियम लिहावेत: चढाला किती किंमत, दगड कुठून येणार आणि धान्य किती दिवस पुरणार. तेवढं जमलं तर घरातला तो तोंड वाकडं करणारा दादासुद्धा रात्री एकपर्यंत खेळत बसेल.

चला, आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात!