मस्तिष्कसेतू : रचना, कार्य व आघात

मस्तिष्कस्तंभाचे वरून खाली मध्यमस्तिष्क, सेतू आणि मस्तिष्कपुच्छ असे तीन भाग मानले जातात. यांपैकी सेतू जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीचा आहे. इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ कोस्तान्झो वारोलियो याने मेंदू कवटीतून बाहेर काढून त्याचे तळाकडून विच्छेदन केले. १५७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वर्णनात या भागास पुलाची उपमा दिलेली आढळते. उपमा समर्पक असली तरी अपुरी आहे. प्रमस्तिष्काच्या बाह्यकातून आलेले असंख्य तंतू सेतूतील केंद्रकांपाशी संपतात आणि तेथून निघालेले नवे तंतू मध्यरेषा ओलांडून विरुद्ध बाजूच्या अनुमस्तिष्कात शिरतात. योजलेल्या हालचालीची वार्ता अनुमस्तिष्कास मुख्यतः याच मार्गाने मिळते. हातापायांकडे जाणारे प्रेरक तंतू मात्र येथे न थांबता खाली उतरतात. याखेरीज पाचव्या ते आठव्या मस्तिष्क-चेतांची केंद्रके आणि श्वसनाच्या लयीचे नियमन यांच्याशीही सेतूचा संबंध आहे.

हे प्रेरक तंतू सेतूच्या पुढील भागात एकवटलेले असतात, तर जागृतावस्था टिकवणारे जाळे मागील भागात असते. बॅसिलर धमनीत अडथळा येऊन केवळ पुढील भाग निकामी झाल्यास रुग्णाचे हातपाय, चेहरा व वाचा जाते. शुद्ध मात्र जात नाही. रक्तातील सोडियमची जुनी कमतरता घाईने भरून काढल्यासही क्वचित हीच स्थिती ओढवते. प्लम व पोस्नर यांनी १९६६ मध्ये तिला 'लॉक्ड-इन सिंड्रोम' हे नाव दिले. असा रुग्ण बेशुद्ध समजला जाण्याचा धोका मोठा असतो. त्याच्यासमोर काय बोलले जाते, ते तो ऐकत असतो. डोळे बाजूला वळवण्याचे केंद्र सेतूत असल्याने ती हालचाल नष्ट होते, परंतु वर-खाली पाहणे व पापणी उचलणे मध्यमस्तिष्काच्या अधीन असल्याने बहुधा शाबूत राहते. म्हणून निश्चल रुग्णास 'वर पाहा' असे सांगून पाहणे, ही बिनखर्चाची तपासणी निर्णायक ठरू शकते.

डिसेंबर १९९५ मध्ये 'एल' या फ्रेंच नियतकालिकाचे संपादक ज्याँ-दोमिनिक बॉबी यांना असाच आघात झाला. समोरची व्यक्ती अक्षरे वापराच्या वारंवारतेनुसार म्हणत जाई आणि हवे ते अक्षर येताच ते डावी पापणी मिटत. अशा रीतीने सांगितलेले त्यांचे पुस्तक मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर काही दिवसांतच त्यांचे निधन झाले.