घरापुढील बागेंत व मळ्याच्या कडेस गलांडा

शेतकऱ्याच्या घरापुढें फुलझाडें असावींत कीं नाहींत, हा प्रश्नच पुष्कळांस निरर्थक वाटतो. देवास व लग्नकार्यास लागणारीं फुलें बाजारांत मिळतात, मग त्यांकरितां विहिरीचें पाणी कां खर्चावें, असें म्हणणारे बागाईतदार आमच्या परिचयाचे आहेत. उन्हाळ्यापुरतें तरी त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. चैत्र-वैशाखांत विहिरीचा तळ दिसूं लागला असतां भाजीपाल्याचें पाणी तोडून तें गुलाबास द्यावें, असें आम्हीही म्हणणार नाहीं. परंतु थोड्या पाण्यावर निभावणारीं फुलझाडेंही आहेत, आणि त्यांत गलांड्यास आम्ही पहिलें स्थान देतों.

गलांडा हें गॅलार्डिया या शब्दाचें आपल्या लोकांच्या तोंडीं बसलेलें रूप होय. मूळ नांव फुजेरू या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानें 1786 मध्यें दिलें. गेलार नांवाचे एक फ्रेंच न्यायाधिकारी वनस्पतिविद्येचे आश्रयदाते होते, त्यांची ती आठवण आहे. झाड मात्र फ्रान्सचें नव्हे. टेक्सास, ओक्लाहोमा व उत्तर मेक्सिको येथील उघड्या, कोरड्या माळांवर तें आपोआप उगवतें. तिकडे त्यास ‘इंडियन ब्लँकेट’ म्हणतात. यांतील ‘इंडियन’ म्हणजे आपण नव्हे, अमेरिकेचे मूळ रहिवासी. तांबड्या-पिवळ्या फुलांनीं भरलेला माळ त्यांच्या रंगीत घोंगड्यासारखा दिसतो म्हणून हें नांव पडलें. ओक्लाहोमा राज्यानें 1986 मध्यें यास आपलें राज्य-रानफूल ठरविलें.

ही जन्मभूमि सांगण्याचें कारण असें कीं, या झाडाची सारी वागणूक तीवरून कळते. तेथें ऊन भरपूर, जमीन वाळसर, आणि पावसाचा भरंवसा नाहीं. म्हणून गलांड्यास दिवसभराचें ऊन लागतें, मुळाशीं पाणी सांचलेलें सोसत नाहीं, आणि मध्यंतरीं पाण्याचा ताण पडला तरी तो तग धरतो. पानांवर व देठांवर जी बारीक लव असते, तिनें पानांतून उडून जाणारें पाणी कमी होतें. झेंडू कडक उन्हाळ्यांत बारीक फुलें देऊं लागतो, त्या दिवसांत गलांडा मात्र उमलत राहतो.

वर्षायू गलांड्याचे दोन प्रकार ओळखतां यावेत. पिक्टा जातीचें फूल एकेरी असतें. मध्यें काळसर-तांबडा डोळा व भोंवतीं टोंकाला पिवळ्या झालेल्या तांबड्या पाकळ्यांचें एकच वर्तुळ. लोरेंझियाना जातींत सर्व फुलकें नळीसारखीं वाढून फूल भरगच्च गोंड्यासारखें होतें. हारास दुसरी जात बरी, कारण ती दोऱ्यांत ओंवल्यावर भरीव दिसते. घरापुढें शोभेकरितां आम्हांस एकेरीच आवडते. डोळा दिसल्याविना या फुलाची मौज नाहीं. बहुवर्षायू मोठ्या फुलाची संकरित जात 1857 च्या सुमारास बेल्जममधील एका बागेंत आढळली. ती थंड हवेची असल्यामुळें देशावरील उन्हांत वर्षायू जातीच लावाव्या. याच कुळांतील रुडबेकियाचें फूलही असेंच काळ्या डोळ्याचें असतें, परंतु त्यास ओल थोडी अधिक लागते.

जमिनीविषयीं एक गोष्ट आग्रहानें सांगावयाची आहे. बागाईतदाराचा हात खताच्या बाबतींत सढळ असतो, आणि हें झाड त्या सढळपणानेंच बिघडतें. उसाच्या किंवा केळीच्या सरींत गलांडा लावल्यास तो कमरेएवढा माजतो, पानेंच पानें येतात, फुलें थोडीं लागतात आणि पहिल्याच वळिवानें झाड आडवें होतें. हलकी, मुरमाड, निचऱ्याची जमीन त्यास पुरते. लावणीपूर्वी गुंठ्यास दोन-तीन पाट्या चांगलें कुजलेलें शेणखत मिसळावें. युरिया तर देऊंच नये म्हटलें तरी चालेल. भारी काळ्या जमिनींत लावणेंच असेल तर वरंब्यावर लावावें, म्हणजे मुळें कुजत नाहींत.

बीं तीन हंगामांत पेरतां येतें. दसरा-दिवाळीच्या फुलांकरितां जूनमध्यें, हिंवाळ्याकरितां ऑक्टोबरांत, आणि लग्नसराईकरितां जानेवारींत. पेरणीपासून फूल येण्यास अडीच ते तीन महिने लागतात. जानेवारीच्या आरंभीं पेरलेलें बीं एप्रिलमध्यें फुलावर येतें, आणि तीच वेळ फुलांच्या टंचाईची असते. कोंकणांत पावसाळी पीक घेण्याच्या भरीस पडूं नये. तेथें हिंवाळ्याचाच हंगाम खरा.

गादीवाफ्यावर बोटभर अंतराच्या ओळींत बीं पातळ टाकावें व वर केवळ चाळलेल्या खताचा हलका थर द्यावा. या बियास उगवतांना उजेड मानवतो. खोल पुरलेलें बीं बरेंचसें वायां जातें, आणि मग दुकानदारास दोष दिला जातो. आठ-पंधरा दिवसांत उगवण होते. चार-पांच आठवड्यांचें, चार-सहा पानांचें रोप संध्याकाळीं लावून लगेच पाणी द्यावें. अंतर उन्हाळ्यांत दीड फूट बाय एक फूट, पावसाळ्यांत दोन फूट बाय दीड फूट. या हिशोबानें एका गुंठ्यांत उन्हाळी सुमारें 725 व पावसाळी सुमारें 360 रोपें बसतात. रोप जीव धरीपर्यंत पाण्यांत हयगय नसावी. पुढें उन्हाळ्यांतही आठवड्यास एक चांगलें पाणी हलक्या जमिनीखेरीज इतरत्र पुरतें. ठिबक असल्यास त्याहूनही कमींत भागतें. महिन्याभरानें शेंडा खुडल्यास बाजूच्या फांद्या फुटून झाड बसकें होतें.

घरापुढील मांडणींत पुष्कळ ठिकाणीं असें दिसतें कीं, फाटकापासून ओट्यापर्यंत दुतर्फा एकेक झाड शिपायासारखें उभें केलेलें असतें. एकटें गलांड्याचें झाड वेडेंवांकडें दिसतें. दहा-पंधरा झाडांचा पुंजका एकत्र लावावा, म्हणजे एकमेकांच्या आधारानें तीं उभीं राहतात आणि रंग लांबून भरतो. पाठीमागें जास्वंद किंवा तगर, मध्यें दीड-दोन फूट उंचीचा गलांडा, आणि पुढें जमिनीसरसा चिनी गुलाब, अशी उतरती रचना डोळ्यांस सुख देते. चुन्यानें रंगविलेल्या भिंतीपुढें हे रंग विशेष खुलतात. घराची पश्चिमेची बाजू दुपारनंतर तापून निघते आणि तेथें दुसरें कांहीं टिकत नाहीं. ती जागा यास खुशाल द्यावी. आंब्याच्या सावलींत मात्र लावूं नये. न्हाणीचें पाणी जेथें मुरतें तेथें अळू, कर्दळ आणि केळ हींच बरीं.

मळ्याच्या कडेस लावण्याचा फायदा वेगळा आहे. काकडी, दोडका, कलिंगड, तसेंच बियाण्याचा कांदा यांस फळ किंवा बीं धरण्यासाठीं मधमाशी लागते, आणि गलांड्यावर मधमाश्या येतात. पिकाचा मोहर दोन-तीन आठवड्यांत आटोपतो, परंतु बांधावरील गलांडा दोन-अडीच महिने फुलत राहून माश्यांस जवळपास खाद्य पुरवितो. मात्र सकाळीं फवारा मारणाऱ्यानें हा खटाटोप करूंच नये. औषध मारणें अटळ झालें तर माश्या परतल्यावर, संध्याकाळीं मारावें.

विक्रीविषयीं स्पष्ट लिहिणें भाग आहे. गलांड्याचें फूल हलकें, त्यास वास नाहीं, आणि बाजारांत त्यास झेंडू-शेवंतीच्या मानानें भाव बहुधा कमी मिळतो. एक किलो भरण्यास पुष्कळ फुलें तोडावीं लागतात. ज्या घरांत पहाटे फुलें तोडणारे चार हात आहेत आणि जवळ तालुक्याचें किंवा देवस्थानाचें गांव आहे, त्यास दोन-चार गुंठे परवडतात. मजुरी देऊन एकरभर लावणाऱ्यास तोडणीचा खर्चच पिकापेक्षां भारी होण्याचा संभव आहे. शेजाऱ्यास एका लग्नसराईंत पैसे झाले म्हणून पुढील वर्षीं सगळ्या गांवानें तेंच फूल लावावें आणि मग तें उकिरड्यावर टाकावें, हा प्रकार झेंडूच्या बाबतींत दर दोन-तीन वर्षांनीं घडतो. तो येथें नको. तोडणी उमललेल्या फुलांची, दंव वाळल्यावर परंतु ऊन चढण्यापूर्वी करावी. विकावयाचीं नसलीं तरी सुकलेलीं फुलें खुडावीं, एरवीं झाड बीं धरण्यास लागून कळ्या कमी करतें.

रोग थोडे आहेत. मूळकूज निचऱ्यानें टळते. पानांवर पांढरी भुरी दिसल्यास झाडें विरळ करून गंधकाची भुकटी संध्याकाळीं धुरळावी. एका विकारापासून मात्र सावध असावें. एखाद्या झाडाचीं फुलें हिरवीं पडून पाकळ्यांच्या जागीं पानांसारखे फुटवे येऊं लागले, तर तो तुडतुड्यांमार्फत पसरणारा रोग समजावा. त्यावर औषध नाहीं. तें झाड उपटून जाळावें. तसेंच या झाडाच्या रसानें कांहीं माणसांच्या हातांस खाज सुटते व पुरळ उठतें. अशा माणसाकडे तोडणीचें काम देऊं नये.

बीं घरचेंच धरावें. गोंड्यासारखें फूल देणारीं चांगलीं झाडें कळी असतांना खूण करून ठेवावींत आणि एकेरी झाडें त्यांच्या जवळपास ठेवूं नयेत, कारण माश्यांमुळें दोहोंची भेसळ होते व पुढील वर्षीं निम्मा वाफा एकेरी निघतो. पाकळ्या गळून उरलेला गोळा तपकिरी झाला व हातानें चुरगाळतां बीं सुटूं लागलें म्हणजे तोडावा. उशीर केल्यास केसाळ बीं वाऱ्यानें उडून जातें. सावलींत आठ दिवस वाळवून, पाखडून, कोरड्या बरणींत ठेवावें आणि वर हंगाम व वर्ष लिहावें.